ताप नाही, जखम नाही, मग सीआरपी कशाने वाढले?

‘मुलाला ताप नाही, खोकला नाही, कुठे खरचटलेलेही नाही. मग रिपोर्टमध्ये सीआरपीपुढे बाण का?’ हा प्रश्न आता दवाखान्यात नवा राहिलेला नाही. होस्टेलला जाण्यापूर्वी किंवा मोठी सुट्टी आहे म्हणून लॅबचे ‘फुल बॉडी’ पॅकेज घेतले जाते, त्यात पन्नास-साठ आकडे येतात आणि अंगाने जाड असलेल्या मुलाच्या कागदावर सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजेच सीआरपी, ४ किंवा ५ असे दिसते. २०२० पूर्वी हा शब्द बहुतेक डॉक्टरांच्याच तोंडी असे. करोनाने तो डी-डायमर आणि फेरिटिनच्या सोबतीने घराघरांत आणून सोडला आणि जाताना कानांना एक खोडही लावून गेला: ज्यांनी शंभरीतले आकडे ऐकले, त्यांना ५ हा आकडा किरकोळ वाटतो. असे पालक कागद घडी करून फाईलमध्ये ठेवतात. दुसरे काही पालक धास्तावतात आणि इन्फेक्शन समजून अँटिबायोटिक मागतात.

दोघांचेही चुकते. कसे, ते कळण्यासाठी सीआरपी शरीरात येते कुठून आणि टिकते किती वेळ, हे आधी पाहावे लागेल. माझे म्हणणे असे की, वजन जास्त असलेल्या किशोरवयीन मुलाच्या रक्तातला हा छोटा पण हटून बसलेला आकडा कुठल्या जुन्या आजाराची शिल्लक नसतो. तो रोज नव्याने तयार होतो, तो तयार करण्याचा हुकूम चरबीतून सुटतो, आणि म्हणून उपाय शोधायचा तो हुकूम देणाऱ्याचा, आकड्याचा नव्हे.

१. काटा रुततो तेव्हा

पायात बाभळीचा काटा मोडला की ती जागा लाल होते, गरम लागते, सुजते आणि ठणकते. रोमन लेखक सेल्ससने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी नोंदवलेली चार लक्षणे हीच. मराठीत आपण या सगळ्याला ‘सूज’ म्हणून मोकळे होतो, पण सूज हे त्यातले एकच लक्षण आहे; संपूर्ण प्रक्रियेला वैद्यकाच्या पुस्तकांत ‘दाह’ म्हणतात आणि इथे तोच शब्द वापरू. दाह म्हणजे बिघाड नव्हे, दुरुस्तीपथक कामाला लागल्याची खूण. १८८२ मध्ये इल्या मेचनिकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने इटलीतल्या मेसिना इथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचे काटे टोचून पाहिले, तेव्हा फिरत्या पेशी त्या काट्याभोवती गोळा होऊन त्याला घेरताना दिसल्या. या महाभक्षी पेशी आपल्याही शरीरात असतात. जंतू, मेलेल्या पेशी, कचरा असे सगळे त्या गिळतात, आणि गिळता गिळता आसपासच्या व दूरच्या अवयवांना रासायनिक निरोप धाडतात. मेचनिकोव्हला या कामासाठी १९०८ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

या निरोपांपैकी आपल्या कामाचा निरोप म्हणजे इंटरल्यूकिन-६. तो रक्तातून यकृतापर्यंत पोचला की यकृत काही प्रथिने भराभर तयार करू लागते, आणि त्यांत सीआरपी अग्रभागी असते. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांनी ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात शोधले. न्यूमोनियाच्या जंतूच्या पेशीभित्तीतल्या ‘सी’ नावाच्या घटकाला ते चिकटत होते, म्हणून त्याचे नाव असे रुक्ष पडले. न्यूमोनियात ते शेकड्यांनी वाढते. जाड मुलात ते चार-पाचावर असते. प्रथिन एक, यकृत तेच, निरोपही तोच. फरक कुठे आहे तो आता पाहू.

२. गळकी बादली

रक्तात आलेले सीआरपी साधारण १९ तासांत निम्मे होते. उदाहरण घेऊ. एखाद्या मुलीला घशाचा संसर्ग झाला, सीआरपी लिटरला ८० मिलिग्रॅम झाले आणि समजा त्या क्षणी यकृताने नवे बनवणे पूर्ण थांबवले. मग १९ तासांनी ते ४० होईल, आणखी १९ तासांनी २०, मग १०, मग ५, आणि पाचव्या टप्प्याला, म्हणजे ९५ तासांनी, २.५. चार दिवसांत ८० चे अडीचवर! खऱ्या आयुष्यात संसर्ग असा कळ दाबल्यासारखा थांबत नाही, त्यामुळे आणखी काही दिवस लागतात. पण महिन्यापूर्वीच्या तापाचे सीआरपी आज रक्तात ‘उरलेले’ असणे शक्य नाही, एवढे या हिशेबातून नक्की होते.

बुडाला भोक पडलेल्या बादलीत पाण्याची पातळी दिवसचे दिवस तेवढीच राहत असेल, तर वरचा नळ चालू आहे हे सांगायला प्लंबर लागत नाही. सीआरपीच्या बाबतीत हे भोकही सोयीचे आहे. माणूस आजारी असो वा धडधाकट, त्याचा आकार, म्हणजे सीआरपीच्या निचऱ्याचा वेग, जवळजवळ बदलत नाही. म्हणून पातळी पाहिली की नळ किती सोडला आहे ते कळते. पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा तपासून दोन्ही वेळा सीआरपी ४ आले, तर त्या मुलाच्या यकृताला या काळात सतत कोणीतरी थोडे थोडे डिवचत होते. अमेरिकेतल्या हृदयरोगविषयक संघटनेने आणि सरकारी रोगनियंत्रण केंद्राने २००३ मध्ये प्रौढांसाठी जी चौकट घातली, तिच्यात लिटरला १ मिलिग्रॅमहून कमी म्हणजे हृदयविकाराचा धोका कमी, १ ते ३ मध्यम आणि ३ च्या वर जास्त असे टप्पे आहेत. दोन आठवड्यांच्या अंतराने दोन नमुने घ्यावेत आणि आकडा १० च्या वर गेला तर आधी संसर्ग शोधावा, हेही तिच्यातच सांगितले आहे. मुलांसाठी अशी सर्वमान्य रेषा ठरलेली नाही. तीच प्रौढांची रेषा अंदाजासाठी वापरतात. जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट: काही लॅब मिलिग्रॅम प्रतिडेसिलिटर छापतात, काही प्रतिलिटर. ०.४ आणि ४ हे एकच असू शकतात. दोन लॅबचे कागद शेजारी ठेवून ‘दहापट वाढले’ असा धक्का घेण्याआधी एकक वाचावे.

इथे एक रास्त आक्षेप येतो. आपल्याकडे मुलांना सर्दी, जुलाब, डासांचे ताप चालूच असतात. मग हा आकडा वजनाचा कशावरून, वातावरणाचा का नसेल? याचे चांगले उत्तर इक्वाडोरमधून मिळाले. संसर्गाचे प्रमाण मोठे असलेल्या तिथल्या ॲमेझॉनच्या सखल भागात थॉमस मॅकडेड या मानववंशशास्त्रज्ञाने प्रौढांचे सीआरपी एकदाच न मोजता आठवड्याला एक असे चार वेळा मोजले. अधूनमधून उसळ्या भरपूर दिसल्या, पण चारही वेळा वरच राहिलेला माणूस सापडला नाही. संसर्ग सीआरपीला उसळी देतो आणि सोडून देतो. चरबी त्याला धरून ठेवते. म्हणूनच एका कागदावरून काहीही ठरवू नये आणि दोन कागद सारखे आले तर दुर्लक्षही करू नये.

३. हुकूम सुटतो कुठून

चरबी म्हणजे नुसता साठा, अंगावर बांधलेले तुपाचे गाठोडे, अशी समजूत विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत वैद्यकातही होती. १९९३ मध्ये गोखान होतामिस्लिगिल आणि सहकाऱ्यांनी लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा हा दाहाचा निरोप्या मोठ्या प्रमाणात तयार होत असल्याचे दाखवले, आणि तो अडवला तर इन्सुलिनचे काम सुधारते हेही दाखवले. पुढच्या वर्षी लेप्टिनचा शोध लागला आणि चरबी ही एक ग्रंथीच आहे हे मान्य करणे भाग पडले. २००३ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी चरबीच्या ऊतीचे काप तपासले, तेव्हा मेचनिकोव्हच्या त्या महाभक्षी पेशी तिथे गर्दी करून बसलेल्या आढळल्या. वजन जितके जास्त, तितकी गर्दी मोठी. सडपातळ शरीराच्या चरबीत त्या तुरळक असतात, अतिलठ्ठ शरीराच्या चरबीत एकूण पेशींच्या निम्म्यापर्यंत पोचतात. २००५ मध्ये इटलीच्या सावेरियो चिंती यांच्या गटाने त्या तिथे काय करतात तेही पाहिले. फुगून मेलेल्या एकेका मेदपेशीभोवती त्या मुकुटासारखे कडे करून बसल्या होत्या.

पेशी फुगून मरते कशी, यासाठी आपली धान्याची कणगी आठवावी. पीक जास्त आले आणि नव्या कणग्या विणल्या तर काही बिघडत नाही. नव्या न विणता जुन्याच ठेचून भरत राहिले, तर आतल्या धान्याला हवा लागत नाही, कणगी उसवते आणि सांडलेल्या दाण्यांपाठोपाठ उंदीर येतात. उरलेले धान्य मग पडवीत, माजघरात, जागा मिळेल तिथे पसरते. शरीरातही असेच होते. नव्या, लहान मेदपेशी तयार होत असतील तोवर चरबी निमूट राहते. जुन्या पेशी ताणल्या गेल्या की त्यांना प्राणवायू पुरत नाही, त्या मरू लागतात, महाभक्षी पेशी जमतात, आणि जास्तीची चरबी यकृतात व स्नायूंत सांडते. कणगीची उपमा एका जागी मात्र लंगडी पडते. थोडा दाह हा नव्या कणग्या विणण्यासाठीही लागतो. २०१४ च्या एका प्रयोगात उंदरांच्या मेदपेशींमधला दाह मुळातच दाबून टाकला, तर त्यांची चरबी नीट वाढूच शकली नाही आणि प्रकृती आणखी बिघडली. दाहाला सरसकट खलनायक ठरवणाऱ्यांनी हा प्रयोग लक्षात ठेवावा.

सगळी चरबी सारखी बोलकी नसते, आणि हे कळले एका अनपेक्षित प्रयोगातून. २००४ मध्ये अमेरिकेत सॅम्युएल क्लाइन यांच्या गटाने पंधरा लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरची त्वचेखालची चरबी लिपोसक्शनने शोषून काढली, प्रत्येकीची साधारण दहा किलो. आरशात फरक पडला. रक्तात? दहा-बारा आठवड्यांनी सीआरपी, इंटरल्यूकिन-६, इन्सुलिनचे काम यांत काही बदल नव्हता. तीन वर्षांनी क्लाइन यांच्याच केंद्रातल्या अभ्यासकांनी शस्त्रक्रियेच्या वेळी आतड्यांकडून यकृताकडे जाणाऱ्या शिरेतले रक्त तपासले. हाताच्या धमनीतल्या रक्तापेक्षा त्यात इंटरल्यूकिन-६ सुमारे निम्म्याने जास्त होते. म्हणजे पोटाच्या आत, आतड्यांच्या पडद्यावर साठलेली चरबी आपला निरोप गावभर न फिरवता थेट यकृताच्या दारात टाकते. नळ सोडणारा हात तो, आणि चिमटीत येणाऱ्या पोटावरच्या वळ्यांपेक्षा कितीतरी आत लपलेला.

४. एवढ्या लहान वयात?

मोठ्यांचे ठीक आहे, पण मुलांच्या अंगातले हे ‘बाळसे’ वाढीच्या वयात उंची सुटली की जाईल, असे घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. काही मुलांचे जातेही. पण रक्त तोवर थांबत नाही. २००१ मध्ये मार्योलेन व्हिसर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीतल्या ८ ते १६ वयाच्या साडेतीन हजार मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा जास्त वजनाच्या मुलांत सीआरपी वाढलेले असण्याची शक्यता बरीच अधिक आढळली. २००४ मध्ये येल विद्यापीठातल्या अभ्यासात लठ्ठपणाच्या पायऱ्या जशा चढत गेल्या तसे किशोरांचे सीआरपी व इंटरल्यूकिन-६ वाढत गेले, आणि अ‍ॅडिपोनेक्टिन हे चरबीतूनच येणारे पण दाह शमवणारे प्रथिन घटत गेले. २०१० मध्ये याच राष्ट्रीय पाहणीच्या पुढच्या वर्षांच्या आकड्यांवरून अतिलठ्ठ मुलांत हा फरक तिसऱ्या ते पाचव्या वर्षापासून दिसतो असे नोंदले गेले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतल्या अनूप मिश्रा, नवल विक्रम आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये शहरी उत्तर भारतातल्या निरोगी किशोर-तरुणांत सीआरपीचा संबंध वजनाशी आणि शरीरातल्या चरबीच्या टक्क्याशी दाखवला होता, तेव्हा ही फक्त परदेशातली गोष्ट नाही.

मुलांवरचे हे पुरावे मला मोठ्यांवरच्या पुराव्यांपेक्षा जास्त वजनदार वाटतात. पन्नाशीच्या माणसाचे सीआरपी वाढलेले असेल तर धूम्रपान, हिरड्यांचा जुना आजार, संधिवात, आतून टणक झालेल्या रक्तवाहिन्या असे दहा संशयित उभे राहतात. दहा-बारा वर्षांच्या मुलात ही गर्दी नसते. तिथेही वजनाबरोबर सीआरपी चढत असेल, तर संशयाची सुई चरबीवर येऊन थांबते.

तरीही सोबत दिसणे म्हणजे कारण असणे नव्हे. उलटेही असू शकेल: आधी दाह, मग त्यामुळे वजन? हा पेच जनुकांच्या मदतीने बऱ्यापैकी सुटला. काही लोकांत जन्मतःच असे जनुकीय बदल असतात की त्यांचे सीआरपी आयुष्यभर थोडे जास्त राहते. काहींत वजन वाढवणारे बदल असतात. कोणाच्या वाट्याला काय येईल हे गर्भधारणेच्या वेळीच ठरते, पुढच्या खाण्यापिण्याने नाही. म्हणून हा निसर्गाने आधीच टाकून ठेवलेल्या चिठ्ठ्यांसारखा प्रयोग आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा अभ्यासात वजन वाढवणारी जनुके असलेल्यांचे सीआरपी जास्त निघाले, पण सीआरपी वाढवणारी जनुके असलेल्यांचे वजन जास्त निघाले नाही. ओघ चरबीकडून सीआरपीकडे आहे.

किशोरवयच का महत्त्वाचे, याला दोन कारणे आहेत. वयात येताना इन्सुलिनचा परिणाम प्रत्येक निरोगी मुलात सुमारे ३० टक्क्यांनी मंदावतो आणि वाढ पुरी होता होता पुन्हा जागेवर येतो. या नाजूक वळणावर चरबीचा दाह भर घालतो, कारण टीएनएफ-अल्फा इन्सुलिनच्याच कामात अडथळा आणतो. दुसरे कारण कणग्यांच्या संख्येचे. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेत २००८ मध्ये किर्स्टी स्पॉल्डिंग यांनी अणुचाचण्यांमुळे हवेत मिसळलेल्या किरणोत्सारी कार्बनचा माग मेदपेशींत काढला. निष्कर्ष असा की माणसाच्या मेदपेशींची संख्या बालपण-किशोरवयात ठरते. पुढे दरवर्षी दहापैकी एक पेशी बदलली जाते, पण एकूण संख्या वजन उतरल्यावरही तीच राहते. पुढे आयुष्यभर पेशी भरतात आणि रिकाम्या होतात एवढेच. त्यांची शिरगणती या वयात होते.

५. वजनकाटा सगळे सांगत नाही

आतापर्यंत ‘जास्त वजन’ असा शब्द वापरला, आणि आपल्याकडच्या मुलांबाबत तोच दगा देतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन डॉक्टरांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण छापले. दोघांचा बीएमआय तंतोतंत २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! वजन आणि उंची यांच्या गणितात दोघे जुळे भाऊ; आत भरलेला माल वेगळा. याज्ञिक यांच्या गटाने १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवतींपासून जो अभ्यास सुरू केला, त्यात याची मुळे जन्माआधीपर्यंत गेलेली दिसली. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपल्या बाळांचे स्नायू, पोटातले अवयव, उंची सगळे कमी. पाठीवरची चरबी तेवढी जवळजवळ राखलेली. कमी वजनाचे पण चरबीने भरलेले, असे हे बाळ.

म्हणून भारतीय मुलांसाठी रेषा खाली ओढाव्या लागल्या. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे वाढीचे तक्ते तयार करण्यात पुण्याच्या वामन आणि अनुराधा खाडिलकर यांचा मोठा वाटा होता. त्यांत ‘जास्त वजन’ प्रौढांच्या २३ या बीएमआयशी आणि ‘लठ्ठ’ २७ शी जोडलेले आहे, जागतिक तक्त्यांतल्या २५ व ३० शी नाही. घरच्या घरी करण्याजोगी मोजणी त्याहून सोपी. कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. दीडशे सेंटिमीटर उंचीच्या मुलीचा घेर ७५ च्या वर गेला, तर काटा काहीही म्हणो, पोटाच्या आतल्या चरबीकडे लक्ष द्यायला हवे. टेपची ही मोजणी सीआरपीपेक्षा स्वस्त आहे आणि सर्दीने बदलत नाही. निव्वळ जाडीमुळे प्रत्येक मुलाचे सीआरपी तपासत सुटावे असे मला वाटत नाही ते यामुळेच. उपाय त्या आकड्यावर ठरत नाही. पॅकेजात तो येऊन पडलाच, तर त्याचा अर्थ लावता यावा एवढेच.

६. मग सीआरपी उतरवणारे औषध?

दाह वाढला आहे, तर दाहशामक द्या. रोज रात्री हळद घातलेले दूध द्या. हा तर्क सरळ दिसतो आणि दोन ठिकाणी फसतो. पहिले ठिकाण म्हणजे सीआरपी स्वतः. ज्यांचे सीआरपी जनुकांमुळेच जास्त असते, त्यांना हृदयविकार जास्त होतो का, हे लाखभराहून अधिक लोकांच्या माहितीवर तपासले गेले आणि उत्तर ‘नाही’ असे आले. इंटरल्यूकिन-६ चा निरोप स्वीकारणाऱ्या दाराची जनुके तपासली, तेव्हा मात्र हृदयविकाराशी संबंध सापडला. सीआरपी हा साक्षीदार आहे, आरोपी नाही; साक्षीदाराला गप्प करून खटला सुटत नाही.

मग निरोपच अडवला तर? २०१७ मध्ये कँटोस नावाच्या मोठ्या चाचणीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या दहा हजार प्रौढांवर दाहाचा एक वरचा निरोप, इंटरल्यूकिन-१ बीटा, अडवणारे इंजेक्शन वापरले. सीआरपी चांगलेच उतरले, मधल्या मात्रेवर झटके-पक्षाघात सुमारे १५ टक्क्यांनी घटले, पण जीवघेणे संसर्ग वाढले आणि एकूण मृत्यू घटले नाहीत. मधुमेहाच्या नव्या रुग्णांची संख्याही कमी झाली नाही. उंबरठ्यावरच्या राखणदाराला झोपवण्याची ही किंमत. पंधरा वर्षांच्या मुलाला असे औषध देण्याचा विचार कोणी करणार नाही, आणि घरगुती शहाणपणाने ॲस्पिरिन तर मुळीच देऊ नये. विषाणूजन्य तापात ते मुलांच्या यकृताला व मेंदूला घातक ठरू शकते. हळदीच्या दुधाने अपाय नाही. पण त्यात साखर दोन चमचे घातली, तर नळ कोणाच्या हातात आहे हे आपण विसरलो.

आकडा खात्रीने उतरतो तो वजन उतरल्यावर, आणि तेही कसे उतरले याने फारसा फरक पडत नाही: आहार, व्यायाम वा अतिलठ्ठपणात शस्त्रक्रिया. व्यायामाची गंमत वेगळीच आहे. धावताना स्नायूंतूनही तेच इंटरल्यूकिन-६ रक्तात उसळते. कोपनहेगनच्या बेंटे पेडरसन यांनी हे दाखवले तेव्हा अनेकांना विरोधाभास वाटला, पण खुलासा आपल्या बादलीतच आहे. स्नायूंचा निरोप तासाभराचा असतो आणि त्याच्या पाठोपाठ दाह शमवणारे पदार्थ येतात. चरबीचा निरोप चोवीस तासांचा. शब्द तोच असला तरी हाक मारणे आणि कानाशी अखंड कुरकुरणे यांत फरक आहे. वजन न घटता नुसत्या व्यायामाने मुलांचे सीआरपी घटते का, यावर अभ्यासांचे एकमत नाही. इन्सुलिनचे काम मात्र त्यानेही सुधारते, म्हणून दोन महिने खेळूनही सीआरपी तेवढेच आले तर मैदान सोडण्याचे कारण नाही.

उशीर झाला, आता काय उपयोग, या आक्षेपाला सर्वांत चांगले उत्तर २०११ चे आहे. मार्कुस युओनाला यांनी चार दीर्घकालीन अभ्यासांतल्या सहा हजारांहून अधिक लोकांची लहानपणची आणि मोठेपणची माहिती एकत्र केली. लहानपणी वजन जास्त पण मोठेपणी लठ्ठ नाहीत, अशांचा मधुमेहाचा, रक्तदाबाचा आणि मानेच्या धमनीतल्या थराचा धोका कधीच जाड नसलेल्यांइतकाच निघाला. मेदपेशींची शिरगणती बदलत नाही. त्या भरलेल्या ठेवायच्या की अर्ध्या, हे उघडे राहते.

७. निळी गोळी आणि बंद दार

एक परिणाम असा आहे की जो आपल्याकडे, विशेषतः मुलींच्या बाबतीत, नजरेतून निसटतो. १९६२ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये लठ्ठ किशोरांच्या रक्तात लोह कमी असल्याची नोंद छापून आली होती. भरपूर खाणाऱ्या मुलांत लोहाची कमतरता का, याचे समाधानकारक उत्तर चाळीस वर्षे नव्हते; निकस आहार असेल असे म्हणून विषय सोडला जाई. २००० च्या सुमारास हेप्सिडिन सापडले आणि कोडे उलगडू लागले. हेही यकृतातच बनते आणि तेही इंटरल्यूकिन-६ च्याच हुकुमावरून. जंतूंना वाढीसाठी लोह लागते. म्हणून संसर्गाच्या काळात शरीर हेप्सिडिन सोडून आतड्यातून लोह आत घेण्याचे दार लावते आणि साठ्यातले लोहही कुलपात ठेवते. चार दिवसांच्या तापात ही युक्ती उत्तम. चरबीचा निरोप चार दिवसांत संपत नाही, आणि दार किलकिलेच राहते.

याचा व्यवहारातला घोळ फेरिटिनच्या आकड्यात होतो. फेरिटिन म्हणजे लोहाच्या साठ्याची पावती; पण दाह असला की ते स्वतःच फुगते. समजा एका सोळा वर्षांच्या मुलीचे वजन जास्त आहे, दोनदा तपासून सीआरपी ६ आहे आणि फेरिटिन ४०. लॅबच्या कागदावर ४० पुढे बाण नसतो, कारण निरोगी माणसात १५ च्या खाली गेले तरच कमतरता धरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार दाह असताना पाच वर्षांवरील सर्वांसाठी ही रेषा ७० ला धरावी. त्या रेषेने या मुलीच्या शरीरात लोह कमी असण्याचीच शक्यता आहे. देशात २०१६ ते २०१८ दरम्यान मुलांच्या पोषणाची जी राष्ट्रीय पाहणी झाली, तिच्यात फेरिटिनबरोबर सीआरपीही मोजले गेले ते याच कारणाने.

शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी अशा मुलीने चुकवू नये, हे तर झालेच. पण ती घेऊनही हिमोग्लोबिन हलत नसेल, तर गोळी बदलण्याआधी कंबरेला टेप लावून पाहावी. इटलीत लठ्ठ मुलांचे वजन एका कार्यक्रमातून उतरवल्यावर त्यांच्या रक्तातले हेप्सिडिन घटले आणि तोंडाने दिलेले लोह पूर्वीपेक्षा जास्त शोषले गेले.